मातीचा उंट आणि रोजच्या चार चौकटी

कायद्याला चकवणारा चोर म्हटला की मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड आठवतो. इथे ज्या चोराची गाठ पडणार आहे, त्याला कादंबरीची ऐसपैस पानं मिळाली नाहीत. रोज तीन-चार चौकटी, बस्स. नाव साकी, टोपणनाव ‘मातीचा उंट’. ली फॉक यांनी लिहिलेली आणि फिल डेव्हिस यांनी रेखाटलेली ‘मँड्रेक’ ही चित्रमालिका अमेरिकी दैनिकांत ११ जून १९३४ रोजी सुरू झाली. साकी हा तिच्या सुरुवातीच्या वर्षांतला खलनायक. क्षणात दुसऱ्याचं रूप घ्यायचं, डल्ला मारायचा आणि जाताना मातीचा चिमुकला उंट मागे ठेवायचा.

अशा जुन्या चित्रमालिकांच्या अभ्यासाला कसलीही पूर्वतयारी लागत नाही. फक्त चोर कसा सापडला हे बाजूला ठेवून, तो उंट का ठेवतो, हे आधी विचारावं. त्यात चोराचा माज आहेच, पण ती दैनिकाचीही गरज होती. दोन दिवस पेपर चुकलेल्या वाचकाला एका चौकटीत कळायला हवं की हात कोणाचा. जडजवाहीरही असंच सोयीचं. हिऱ्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही, तो मुठीत मावतो आणि रक्ताचा थेंब न सांडता मालक बदलतो. पोरंबाळंही उघडतात त्या पानावर संपादकाला आणखी काय हवं? वेषांतराची गंमत तर रोजच्या खंडावरच उभी. शेवटच्या चौकटीत एखाद्या पाहुण्याचा संशय आला की वाचकाने तो उद्यापर्यंत सांभाळायचा, पोथी ऐन प्रसंगावर मिटली की श्रोता सांभाळतो तसा. पुढे साकीची मुलगी ‘पितळी माकड’ हेच कसब घेऊन मालिकेत आली. आपल्याच दुसऱ्या मालिकेत वेताळाची (फँटमची) गादी बापाकडून मुलाकडे देणाऱ्या फॉकनी चोरीलाही वारस दिला, हे मला फार आवडतं.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला या अभ्यासात खास जागा आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३मध्ये त्याचाच पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असे इथले कितीतरी जण. वेताळ-मँड्रेकच्या कथा छापणारं टाइम्स समूहाचं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४मध्ये सुरू झालं आणि हिंदीतही निघालं, मराठीतही. एकाच कथेचे दोन्ही अंक शेजारी ठेवून कोणत्या भाषेत खलनायक जास्त खलनायक वाटतो, हे कानाने पारखणारे वाचक इथे सहज भेटतील.

मात्र इंद्रजाल म्हणजे मूळ मालिका नव्हे. तिथे कथा आटोपशीर केल्या जात, चौकटी छाटल्या जात, रंग भरले जात. वेताळाचा ‘बंगाला’ देश तर ‘डेंकाली’ होऊन बसला. सगळ्यात मोठी काटछाट वेळेची. दैनिकात आठवडेच्या आठवडे ताणलेला संशय अंकात अर्ध्या तासात निकालात निघतो. तरी जुने सांधे कधी कधी दिसतात. एखादं पात्र नुकतंच घडलेलं विनाकारण पुन्हा सांगू लागलं, तर तिथे मूळ मालिकेतला नवा दिवस सुरू होत असण्याची शक्यता मोठी. जुना अंक हाती आला, तर अशा जागा वेगळ्या कागदावर, पान आणि चौकटीसह टिपून ठेवाव्यात. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी हरकत नाही. अंकाचा क्रमांक आणि भाषा तेवढी लिहायला विसरू नये.