काम कायम, परवाना तात्पुरता

२ फेब्रुवारी १९५५ रोजी नवी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईला वर्षाकाठी दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना उभारायचे ठरले. दुर्ग तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. त्याच वर्षी, २० डिसेंबरला, रोममध्ये पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी दुसऱ्याच एका करारावर सह्या केल्या. इटलीतल्या बेरोजगार तरुणांनी जर्मन कारखान्यांत आणि शेतांवर कामाला यायचे, असा तो करार. दोन्हीकडे परक्या देशातली माणसे कामासाठी येणार होती आणि दोन्हीकडे गृहीत एकच होते, की ती परत जातील. भिलाईत हे गृहीत खरे ठरले, जर्मनीत ठरले नाही. आज परदेशात जाऊन राहू आणि काम करू पाहणारा तरुण ‘कोणता व्हिसा मिळेल?’ असे विचारतो, तेव्हा या दोन करारांतला फरक त्याला कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त शिकवून जाईल, असे मला वाटते. तो फरक थोडक्यात असा: काम मुळातच मुदतीचे असेल तर मुदतीचा परवाना प्रामाणिक असतो. काम कायमचे आणि परवाना तेवढा तात्पुरता असेल, तर त्या व्यवस्थेत अन्याय आधीपासूनच लिहिलेला असतो, मग व्हिसाचे नाव काहीही असो.

भिलाईची जागा निवडण्यामागे भूगोल होता. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा जलाशयाचे पाणी आणि मुंबई-हावडा लोहमार्ग हे सगळे तिथून आवाक्यात होते. सोव्हिएत संघाने अडीच टक्के व्याजाने कर्ज दिले, यंत्रसामग्री दिली आणि माणसेही दिली. अभियंते, भट्टीवाले, जुळारी आणि त्यांच्यासोबत दुभाषे आले. उभारणीच्या ऐन काळात सोव्हिएत तज्ज्ञांचे नेतृत्व वेनियामिन दिमशित्स यांच्याकडे होते. पुढे ते सोव्हिएत सरकारचे उपपंतप्रधान झाले. या व्यवस्थेचा गाभा मात्र वरच्या पदांवर नव्हता, भट्टीपाशी होता. झोतभट्टी नकाशावर समजते, पण ती चालवणे नकाशावरून शिकता येत नाही. लोखंड बाहेर काढायला भट्टीचे तोंड केव्हा फोडायचे, ते मातीने पुन्हा केव्हा बुजवायचे, वाहत्या मळीचा रंग पाहून आत काय चालले आहे ते कसे ओळखायचे, हे शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून रशियन माणसाच्या बाजूला भारतीय माणूस उभा असे आणि दोघांच्या मध्ये दुभाषा. पाहुण्याने हे काम पुरते शिकवले की त्याची तिथली गरज संपत असे. त्याचे जाणे त्याच्या कामाच्या स्वरूपातच ठरलेले होते.

याच देवाणघेवाणीत शेकडो भारतीय तरुण प्रशिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत गेले. त्यांच्यापुढे ‘पर्याय’ असा नव्हताच. त्या काळी पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता. सरकारला वाटले तर तो मिळे, आणि तो कोणत्या देशांसाठी चालेल हेही त्यावर नोंदलेले असे. १९६७मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. बाहेरची दारेही अरुंद होती. भिलाईचा करार झाला त्या वर्षी अमेरिकेत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जागा होत्या. १९४६च्या कायद्याने दिलेला तो कोटा १९६५च्या कायद्याने मोडीत निघाला. तरीही भिलाईहून रशियात गेलेल्या तरुणाजवळ आजच्या अनेकांकडे नसलेली एक गोष्ट होती: आपण किती काळासाठी आणि कशासाठी जातो आहोत, आणि परतल्यावर कोणती भट्टी आपली वाट पाहते आहे, हे त्याला निघण्यापूर्वी ठाऊक होते.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले. भारतीय हात जसजसे तयार झाले तसतसे रशियन तज्ज्ञ कमी होत गेले. क्षमता पंचवीस लाख टनांवर न्यायची ठरली तेव्हा पुन्हा तज्ज्ञ आले. पुढे चाळीस लाख टनांचा विस्तार झाला तेव्हाही आले, आणि काम उरकल्यावर परतले. भिलाईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या मैत्री बागेच्या नावात त्या संबंधाची आठवण आहे. इथे एक रास्त आक्षेप येतो. रशियन माणसे गेली ती त्यांच्या सरकारने बोलावले म्हणून. सोव्हिएत नागरिकाला परदेशात राहून जाण्याची मुभाच नव्हती, मग या व्यवस्थेला आदर्श कसे म्हणायचे? आदर्श ती नव्हतीच. माणसाच्या इच्छेला तिच्यात जागा नव्हती आणि ही तिची मोठी उणीव मान्य केलीच पाहिजे. पण हुकूम एवढे एकच कारण पुरत नाही. तज्ज्ञांच्या संख्येतला चढउतार भिलाईच्या विस्ताराच्या टप्प्यांमागून जातो. तज्ज्ञ गेल्यावर त्यांची जागा भरायला दुसरे परदेशी आणावे लागले नाहीत, कारण ती जागा भारतीयांनी घेतलेली होती. नुसत्या हुकमाने माणूस परत नेता येतो, पण त्याच्यामागे कारखाना चालू ठेवता येत नाही.

जर्मनीत नेमके याच्या उलट घडले. इटलीमागून स्पेन, ग्रीस आणि १९६१मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. एक-दोन वर्षे काम करायचे, परत जायचे आणि जागी नवा माणूस यायचा, अशी फिरती कल्पना त्यामागे होती. तिला पहिला विरोध केला तो मालकांनीच. मोटारीच्या कारखान्यातल्या जुळणीच्या रांगेवर तयार झालेला कामगार दोन वर्षांनी घालवून नवख्याला पुन्हा शिकवण्यात त्यांना तोटा दिसत होता. म्हणून १९६४च्या सुधारित तुर्की करारातून दोन वर्षांची अट गेली. नोव्हेंबर १९७३मध्ये तेलसंकटाच्या तोंडावर भरती थांबली, तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे येऊन गेली होती. त्यातली जवळपास १ कोटी १० लाख परतली हे खरे, आणि फिरती व्यवस्था साफ फसली असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. पण तीसेक लाख राहिली. दार बंद झाल्यावर त्यांनी बायकामुले बोलावून घेतली. त्यांचे काम संपलेले नव्हते, जुळणीची रांग चालूच होती. जर्मनीत जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्मासोबत नागरिकत्व मिळण्याची तरतूद व्हायला २००० साल उजाडावे लागले. दोन पिढ्या ‘पाहुणे’ म्हणून मोजल्या गेल्या, कारण कागद तात्पुरता होता आणि गरज कायमची.

हा फरक केवळ परदेशी माणसापुरता नाही, याचा पुरावा भिलाईच देते. पोलाद कारखान्याचा कायम कामगार म्हणजे पगार, टाउनशिपमधले क्वार्टर, दवाखाना, मुलांची शाळा. त्याच भट्ट्यांच्या आसपास, खाणींत आणि खासगी कारखान्यांत तेच किंवा त्याहून कष्टाचे काम ठेकेदाराचा मजूर करत असे, वर्षानुवर्षे, पण कागदावर रोजचा नवा. दल्ली-राजहऱ्याच्या ठेका कामगारांची १९७७मध्ये उभी राहिलेली संघटना आणि पुढे भिलाईच्या खासगी उद्योगांत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांनी चालवलेला लढा याच विसंगतीवर उभा होता. काम बारमाही असेल तर कामगार कायम का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी भिलाईच्या कामगारांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०२०मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कायम आणि ठेका कामगार यांच्यातली दरी इतकी रुंद झाली की ते जणू दोन वेगळे वर्ग बनले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ठेक्यावरच्या मजुराला या देशाचे नागरिकत्व होते, मतदानाचा हक्क होता. तरीही नुसत्या तात्पुरतेपणाने त्याचे एवढे नुकसान झाले. ज्याच्याकडे हे दोन्ही नाही, त्याचे काय होत असेल?

यजमान म्हणून आपणही या प्रश्नापुढे उभे राहिलो आहोत. २००९च्या सुमारास वीज आणि पोलाद प्रकल्पांवर हजारो चिनी कामगार बिझनेस व्हिसावर काम करत असल्याचे उघड झाले. सरकारने त्यांना परत जायला सांगितले आणि २०१०मध्ये खास वीज व पोलाद क्षेत्रांसाठी प्रोजेक्ट व्हिसा आणला. तो ठरावीक प्रकल्पापुरता आणि ठरावीक जागेपुरता असतो. प्रकल्प बदलला की तो चालत नाही. भिलाईच्या कराराने जे तत्त्व पाळले ते पंचावन्न वर्षांनी नियमाच्या रूपात आले, असे म्हणता येईल, आणि म्हणूनच मला हा व्हिसा सचोटीचा वाटतो. भारतात नोकरी करू पाहणाऱ्या तरुण परदेशी माणसाचा मुख्य रस्ता मात्र एम्प्लॉयमेंट व्हिसाचा आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे वार्षिक पगार निदान १६.२५ लाख रुपये लागतो आणि ज्या कामासाठी पात्र भारतीय मिळतात त्यासाठी तो दिला जात नाही. भाषा शिकवणारे, दुभाषे, परदेशी पदार्थांचे आचारी अशा काहींना पगाराच्या अटीत सूट आहे. मुदतवाढ मिळत काही वर्षे राहता येते, पण त्यापुढे कायम वास्तव्याची सरळ वाट त्यातून निघत नाही. दुर्मीळ कौशल्यापुरते बोलावणे ठीक आहे. पण वर्षानुवर्षे ज्याची गरज लागली, त्याला मुदत संपल्यावर काय उत्तर द्यायचे, हे आपणही ठरवलेले नाही.

आता बाहेर जाणाऱ्या आपल्या तरुणांकडे या कसोटीने पाहू. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी १९९०च्या कायद्याची चौकट आहे. आज वर्षाला ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० इतकी मर्यादा आणि साधारण सहा वर्षांची मुदत आहे. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा सात टक्क्यांपलीकडे जात नसल्याने भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. संगणकाचे काम मात्र सहा वर्षांनी संपत नाही. आखातात कोकणातल्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या राबल्या, तरी वास्तव्य मालकाच्या करारावरच टांगलेले राहिले. याउलट ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना १८ ते ३० वयाच्या भारतीयांना दोनच वर्षे देते, त्याहून जास्त कशाचे आश्वासन देत नाही, आणि तितकी ती खरी आहे. जपानच्या विशिष्ट कौशल्य व्हिसात पहिल्या श्रेणीला पाच वर्षे आणि कुटुंबाला मनाई, तर दुसऱ्या श्रेणीला नूतनीकरण आणि कुटुंबाची सोबत आहे. जर्मनीने आपल्या इतिहासातून सर्वांत जास्त शिकलेले दिसते. १ जून २०२४पासून तिथे नोकरी शोधायला जाण्यासाठी संधीपत्र मिळते, आणि ब्लू कार्ड हा कुशल नोकरदारांचा परवाना असलेल्याला २७ महिन्यांत, भाषा बरी येत असेल तर २१ महिन्यांत, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की प्रत्येक पाहुण्याला राहण्याची वाट द्यावी लागली तर देश दारेच लावून घेतील. १९७३चा अनुभव वेगळे सांगतो. दार लावल्याने आत असलेली माणसे गेली नाहीत, उलट ये-जा थांबल्याने जास्त पक्की बसली. शिवाय प्रत्येकाला राहू द्या असे इथे म्हणणे नाही. प्रकल्प संपला की परत जाण्यात काही गैर नाही. अट एवढीच, की कामाच्या मुदतीपेक्षा कागदाची मुदत मुद्दाम आखूड नसावी. दुसरा आक्षेप असा, की तरुण आपल्या मर्जीने, अटी वाचून जातो, मग तक्रार कसली? तेविसाव्या वर्षी वाचलेल्या अटी पस्तिसाव्या वर्षी जगाव्या लागतात. तोवर तिथे घराचे कर्ज झालेले असते, मुले शाळेत जात असतात, इकडे आईवडील थकलेले असतात. बारा वर्षे कर भरणाऱ्याला दर खेपेला नव्याने पाहुणा ठरवण्याचे समर्थन त्याच्या जुन्या सहीने होत नाही.

भिलाईत आता आयआयटी आहे आणि तिथला पदवीधर परदेशाचे पर्याय चाळत असणार. त्याने व्हिसाच्या नावापाशी थांबू नये. ज्या कामासाठी बोलावले जात आहे ते संपणारे आहे की न संपणारे, हे आधी पाहावे. संपणारे असेल तर मुदत, शिकायला काय मिळणार आणि परतल्यावर त्याचा उपयोग काय, हे पारखून आनंदाने जावे. न संपणारे असेल तर कायम वास्तव्याची वाट पहिल्याच दिवशी कायद्यात लिहिलेली आहे का, हे तपासावे. नसेल, तर मोठ्या पगारातला काही भाग त्या अनिश्चिततेची किंमत आहे, हे समजून निर्णय घ्यावा. हीच कसोटी सरकारांनाही लागू आहे. महाराष्ट्राने २०२४मध्ये कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आणि असे करार पुढे वाढतच जाणार आहेत. जर्मनीला परिचारिका, वीजतंत्री आणि चालक हवे आहेत ते दोन वर्षांपुरते नव्हे. तेव्हा अशा करारांत किती माणसे पाठवायची या आकड्याच्या आधी, ज्याचे काम कायम आहे त्याला राहण्याचा हक्क केव्हा मिळेल, हे कलम यायला हवे. १९५५च्या दोन करारांपैकी एकाने कामाचे स्वरूप ओळखून मुदत ठरवली, तर दुसऱ्याने ते डोळ्याआड केले. दुसऱ्याची किंमत माणसांनी दोन पिढ्या मोजली. आपल्या मुलांना परदेशी पाठवताना ती पुन्हा मोजायला लावण्याचे काहीच कारण नाही.