जिल्ह्याबाहेरून उमेदवाराला दिलेली लहान देणगी : आपले नाव कुठे नोंदले जाते?

निवडणूक आली की नागपूर, पुणे, मुंबईला नोकरीनिमित्त गेलेले आपले समाजबांधव वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या उमेदवाराला दोनशे-पाचशे रुपये पाठवतात. बाहेरून दिलेले चालतात का आणि नाव जाहीर होते का, हे आम्हाला दर वेळी विचारले जाते.

देणगीदार कोणत्या जिल्ह्याचा, हे आपला निवडणूक कायदा पाहत नाही. पाहायचे म्हटले तरी घोळच होईल. वर्धा लोकसभा मतदारसंघात वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी यांच्याबरोबर अमरावती जिल्ह्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वेही येतात. मोर्शीचा माणूस जिल्ह्याबाहेरचा, पण मतदार इथलाच.

खरा फरक पडतो तो पैसे पक्षाला दिले की उमेदवाराला, यावर. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-सी नुसार एका व्यक्तीकडून आर्थिक वर्षात २० हजारांवर रक्कम आली, तरच पक्षाने तिचे नाव निवडणूक आयोगाला कळवायचे असते. त्याखालची नावे पक्षाच्या दप्तरातच राहतात. जाहीर सभेत जमलेल्या किरकोळ रकमेला तर नावही लागत नाही. बहुजन समाज पक्ष वर्षानुवर्षे २० हजारांवरची एकही देणगी नाही असे कळवत आला. त्यावर शंका घेणारे पुष्कळ. आमच्या मते गरिबांचा पक्ष लहान नोटांवर चालणे अशक्य नाही. पण ते दाखवायला लोकांसमोर कागद नाही, ही अडचण खरी आहे.

उमेदवाराचे तसे नाही. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी त्याने निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते उघडायचे असते. खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. पैसे कोणाकडून आले त्याचे नाव आणि पत्ता तिथे लिहायचा, रक्कम कितीही लहान असो. एका व्यक्तीकडून १० हजारांवर रोख घेता येत नाही. निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे मुदत २३ डिसेंबर. ठरलेले शुल्क भरून तो कोणीही पाहू शकतो. म्हणून कार्यकर्त्याच्या फोनवर पैसे पाठवू नका. उमेदवाराच्या त्या खात्यातच टाका आणि पावती घ्या.

आपल्यातले बरेच देणगीदार सरकारी नोकरीत आहेत. त्यांनी मात्र थांबावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा नियम ५ राजकीय कार्याला वर्गणी देण्यासही मनाई करतो, आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांनाही तसाच नियम आहे. पाचशे रुपयांची नोंद नावपत्त्यासह सापडली, तर खात्याची चौकशी त्या माणसाच्या मागे लागू शकते, उमेदवाराच्या नव्हे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून उमेदवाराला एक रुपयाही चालत नाही. दुबईत काम करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या कमाईतून देऊ शकतो.

पैशांऐवजी कोणी परस्पर बॅनर छापून पाठवले, तर उमेदवाराची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली छापून देणाऱ्यालाच दंड होऊ शकतो.