‘यंदा थांब’ म्हणणाऱ्यांना

पॅरिस, ब्रसेल्स, मँचेस्टर, कुठेही स्फोट झाला की बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत एक मत फिरू लागतं: मुलाला प्रवेश मिळाला असला तरी यंदा पाठवू नका, वातावरण निवळू दे. हा पूर्वपक्ष मायेपोटी आलेला, म्हणून त्याची थट्टा नको. पण तो टिकत नाही.

घर सुरक्षित, हे त्याचं गृहीतक. १३ मार्च २००३ला मुलुंडला लोकलच्या डब्यात स्फोट झाला. त्याच्या आगेमागे घाटकोपरला दोनदा बसमध्ये. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट, त्यांतला एक जोगेश्वरीला, एक बोरिवलीला. १८०हून अधिक माणसं गेली. तरी ‘यंदा चर्चगेटचं कॉलेज नको’ असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. दहशतवाद सोडा, २०२३ साली उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांवर माणसं मेली.

‘मुंबई स्पिरिट’चा आधार मात्र मी घेणार नाही. १२ जुलैला लोक गाडीत चढले ते शौर्यापोटी नव्हे, मस्टरपोटी.

खरा प्रश्न वेगळाच आहे. हल्ल्यानंतर परक्या मुलाला बॉम्बपेक्षा संशयाचं भय अधिक. ११ सप्टेंबर २००१नंतर चौथ्या दिवशी अॅरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना पगडीमुळे गोळी घातली गेली. लंडनमधल्या जुलै २००५च्या स्फोटांनंतर पंधरवड्याने पोलिसांनी ज्याँ शार्ल द मेनेझिस या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला भुयारी रेल्वेत अतिरेकी समजून मारलं. हे पूर्वपक्षाने मांडायला हवं होतं. तो ते मांडत नाही.

आणि वर्षभर थांबून निवळतं काय? ११ सप्टेंबरला अमेरिकेत विमानं पळवणाऱ्यांपैकी एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता. परदेशी विद्यार्थ्यांवर नजर ठेवणारी ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंदव्यवस्था सक्तीची झाली ती २००३मध्ये, म्हणजे भीती ओसरू लागल्यावर. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचा, हा नियम आजही आहे. भीती विरते, नियम उरतात. थांबणारा नेमका त्यांच्याच तावडीत सापडतो.

तेव्हा पाठवा. जाणाऱ्याने भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावं, पासपोर्टची प्रत घरी ठेवावी आणि निरोप कोणाकडे द्यायचा ते आधी ठरवावं. तिकडे काही झालं आणि फोन लागला नाही, तर लगेच वाईट समजू नका. ११ जुलैच्या संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीलासुद्धा तो लागत नव्हता.