शेंगोळे आणि घोड्याचं खाणं

परवा बऱ्याच वर्षांनी हरसूलला मामाकडे गेलो होतो. पहाटे उठून वाघेरा किल्ला चढून आलो. (वजन कमी करायचं खूळ आहे सध्या, असो.) परतलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. मामीनं काही न विचारता वाडगाभर गरम शेंगोळे पुढ्यात ठेवले.

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पीठ घ्यायचं, त्यात मूठभर कणीक, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, मीठ. घट्ट मळायचं. तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या वळायच्या आणि टोकं जुळवून कडी करायची. लसणाची फोडणी, भरपूर पाणी, खळखळून उकळी आली की एकेक कडं सोडायचं. थोडं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाटतो. पळी मात्र बेतानं फिरवायची, नाहीतर सगळं मोडतं. शहरात सूप आणि डम्पलिंग म्हणून आपण याच प्रकाराला पैसे मोजतो, असं मामीला सांगितलं तर ती नुसती हसली.

हे शेंगोळे आमच्या आजीचे. ती सिन्नरकडची, लग्न होऊन या नागली-वरईच्या मुलखात आली. मी दहा वर्षांचा असताना, घरात पाहुणे बसलेले असताना, ताट पाहून मोठ्यानं म्हणालो होतो, "हे तर घोड्याचं खाणं!" शाळेत कुणीतरी हुलग्याचं इंग्रजी नाव हॉर्स ग्राम असल्याचं सांगितलं होतं, ते शहाणपण. आजीनं ताट उचललं. पुढे मी असताना तिनं शेंगोळे कधी केले नाहीत.

आता वाचताना कळतं की तो क्रमच उलटा होता. शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीचं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. तिथे जळून कोळसा झालेले दाणे मिळाले, त्यात बार्लीबरोबर हुलगाही होता. (गंमत म्हणजे इनामगाव ज्या नदीकाठी आहे तिचं नाव घोड!) कर्नाटक-आंध्रातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये तर तो त्याहूनही जुना आहे. 'हॉर्स ग्राम' हे नाव त्यानंतर कितीतरी शतकांनी आलं, घोड्यांना उकडलेले हुलगे चारतात हे पाहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडून. चरकसंहितेत 'कुलत्थ' आहे, आणि कडधान्य शिजवून केलेल्या पातळ रसाला तिथे शब्द आहे 'यूष'. म्हणजे सूपच की! खोकला, दमा यांवर कुळीथ सांगितलेला आहे.

मग त्याची पत का गेली? मला वाटतं, त्याच्या चिवटपणामुळेच. हुलगा मुरमाड जमिनीत येतो, कमी पाण्यावर तग धरतो, खत मागत नाही. जे सहज येतं ते स्वस्त, आणि जे स्वस्त ते गरिबाच्या ताटात आणि जनावराच्या तोबऱ्यात. पाहुण्यांपुढे मात्र गहू-तांदूळ. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. पण हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला तर कळतच नव्हतं.

दुसरा वाडगा घेताना मामीला म्हटलं, "आजीनं माझ्यामुळे हे करायचं सोडलं ना गं?"

"सोडलं कशाला?" मामी म्हणाली. "तू एसटीत बसलास की आत्याबाई त्याच संध्याकाळी हुलग्याचं पीठ काढायच्या. मी त्यांच्याकडूनच तर शिकले."

मग ती म्हणाली, "लसूण अजून हवा होता का रे?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.