कागदावरचा थेंब

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात मी राहते. इथल्या गोदामांत कुठले खोके कधी आले आणि कुठे गेले, याची चोख नोंद असते. तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या थेंबाचा असा हिशेब ठेवायला मात्र आपल्याला बरीच वर्षे लागली.

आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ साली सुरू झाला. २००४ पासून औषधेही मोफत मिळू लागली. पण बाळाला लागण झाली आहे की नाही, हे कळायला दीड वर्ष जाई. नेहमीची चाचणी विषाणू नव्हे, प्रतिपिंडे शोधते. आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. उपचार न मिळाल्यास बाधित बाळांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांच्या आतच दगावतात. म्हणजे निदान व्हायच्या आधीच कित्येक बाळे हातची जात.

२०१० मध्ये लवकर निदानाची सोय झाली. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे थेट विषाणूच शोधला जातो. अहवाल 'बाधित' आला, तर पुन्हा रक्त घेऊन खात्री करतात. 'बाधित नाही' आला, तरी अंगावरचे दूध चालू असेतो धोका असतो. म्हणून सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यातही तपासणी हवी. एवढा काळ बाळाचा माग ठेवायचा तो नोंदवहीनेच.

त्या काळात मी एका रुग्णालयात समुपदेशक होते. यंत्रमाग कामगाराची एक बायको बाळाला घेऊन आली. अहवाल 'बाधित' आला. वहीतल्या पत्त्यावर गेलो, तर त्या चाळीत तिला कोणी ओळखेना. घरमालकाला कळले तर खोली जाईल, या भीतीने तिने पत्ता खोटा दिला होता. चार महिन्यांनी ती आपणहून आली, तेव्हा बाळ पार खंगले होते. चाचणी अचूक होती. पण ती बाळापर्यंत पोहोचली नव्हती.

मला त्या माउलीचा राग आला नाही. पत्ता गुप्त राहील, हा विश्वास आम्हीच तिला दिला नव्हता. एचआयव्हीग्रस्तांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालणारा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. पण गुप्तता राखायची म्हणजे नोंद अर्धवट ठेवायची, असे नव्हे. वही पूर्ण हवी आणि कपाटाला कुलूपही हवे. आणि त्या आईची खोली जाणार नाही, एवढे शेजारी म्हणून आपण पाहायला हवे.