छातीवर ठेवलेलं पत्र

मेलेला माणूस परत येतो, ही बाराव्या शतकातल्या इंग्लंडात नुसती शेकोटीभोवतीची गोष्ट नव्हती. यॉर्कशायरच्या न्यूबर्ग मठातल्या विल्यमने ११९० च्या दशकात देशाचा इतिहास लिहिला. त्यात राजे, लढाया, क्रूसेड... आणि मध्येच थडग्यातून उठून हिंडणारी प्रेतं! भुतंही धूसर, हवेत तरंगणारी नव्हेत बरं का. चांगली वजनदार. विल्यमलाही हे पटायला जड गेलंय, पण साक्षीदारच इतके, की नाही म्हणवत नाही.

बकिंगहॅमशायरमधली हकिकत बघा. नवरा वारला, त्याला पुरलं. पुढच्याच रात्री तो बायकोच्या अंथरुणात आला आणि तिच्यावर असा पडला की ती चिरडायचीच बाकी. असं दोन रात्री. तिने सोबतीला जागणारी माणसं बोलावली, तर हा भावांच्या घरी. तिथून हाकलला तर गुराढोरांत. पुढे दिवसाढवळ्यासुद्धा! प्रकरण लिंकनच्या बिशप ह्यूपर्यंत गेलं. जवळचे लोक म्हणाले, असं इथे पुष्कळदा होतं, प्रेत उकरून जाळायचं. ह्यूला ते अशोभनीय वाटलं. त्याने स्वहस्ते पापमुक्तीचं पत्र लिहिलं आणि थडगं उघडून ते मृताच्या छातीवर ठेवायला लावलं. त्यानंतर तो उठला नाही.

मला या गोष्टीत भुतापेक्षा बिशप आवडतो. त्याने त्या बाईची भीती खोटी ठरवली नाही, आणि मेलेल्याचं माणूसपणही काढून घेतलं नाही. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की घरचे हात जोडून 'पोरांचं आम्ही बघू' म्हणतात ना, त्याच जातीचं हे.

पण बिशप सगळीकडे कुठून असणार? विल्यमच्याच दुसऱ्या हकिकतीत गावात साथ पसरते. त्यात बाप गमावलेले दोघे भाऊ संशयित प्रेत उकरतात, काळीज फाडतात, जाळतात.

हे नुसतं पुस्तकातलंही नसावं. त्याच यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओस गावातल्या १३७ हाडांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते चौदाव्या शतकातली, किमान दहा जणांची हाडं. त्यात दोन-चार वर्षांचं मूलही. मेल्यानंतर कापल्याच्या, तोडल्याच्या, जाळल्याच्या खुणा. नरभक्षण असावं का, हेही संशोधकांनी तपासलं. पण सुरीचे वार डोक्या-मानेकडे एकवटलेले, म्हणून प्रेत उठू नये यासाठीच हे केलं असावं, असा त्यांचा कल. कोणी परके असतील म्हणावं, तर दातांच्या तपासणीतून कळलं, ही माणसं त्याच परिसरात वाढलेली होती.