पेशीतील प्रथिनांचा प्रवास आणि वाटेतच अडलेले एक प्रथिन

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसांत आणि स्वादुपिंडात घट्ट, चिकट स्राव साचत जातो. क्लोराइड आयनांना वाट करून देणारे ‘सीएफटीआर’ हे प्रथिन पेशीच्या बाह्य पटलात नसणे किंवा तेथे नीट काम न करणे, हे त्याचे कारण. नवलाची बाब अशी की, बहुसंख्य रुग्णांच्या पेशी हे प्रथिन तयार करीत असतात. ते नियत स्थळी पोहोचत नाही.

बाह्य पटलात बसवायची वा पेशीबाहेर पाठवायची प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत प्रवेश करतात, तेथून गॉल्गी संकुलात आणि पुढे इष्ट स्थळी जातात. जॉर्ज पॅलाडे यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडातील पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ले देऊन या वाटेचा माग काढला. त्यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रथिनाला जालिकेची वाट कशी सापडते, याचे उत्तर गुंटर ब्लोबेल यांनी दिले. प्रथिनाच्या बहुधा आरंभीच असलेला अमिनो आम्लांचा छोटा तुकडा हाच त्याचा पत्ता असतो; काम झाले की अनेकदा तो कापून टाकला जातो. या शोधाला १९९९ चे नोबेल मिळाले.

एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाताना प्रथिने पटलाच्याच सूक्ष्म पिशव्यांतून जातात. रँडी शेकमन यांनी त्यासाठी चक्क पाव फुगविणाऱ्या यीस्टचा आधार घेतला. वाहतूक बिघडलेल्या यीस्टमध्ये माल निरनिराळ्या टप्प्यांवर तुंबून राही. त्यावरून २३ जनुके हाती लागली. पिशवीवरील आणि लक्ष्य पटलावरील प्रथिने एकमेकांत गुंफली गेली की दोन्ही पटले एकजीव होतात, हे जेम्स रॉथमन यांनी उलगडले. धनुर्वाताचे विष यांपैकीच एका प्रथिनाचे तुकडे करते. स्नायूंना आवर घालणारा चेतासंदेश त्यामुळे बाहेर पडत नाही आणि शरीर ताठरते. चेतापेशींत असे संदेश नेमक्या क्षणी कसे सुटतात, हे दाखविणारे टॉमस झ्यूडहोफ, शेकमन व रॉथमन यांना २०१३ चे नोबेल विभागून देण्यात आले.

आता पुन्हा सीएफटीआरकडे. हे प्रथिन १,४८० अमिनो आम्लांचे. सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात त्यातील ५०८ व्या स्थानावरचे एकच आम्ल गळालेले असते. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही. आंतर्द्रव्यजालिकेतील तपासणी यंत्रणा अशा मालाला पुढे सोडत नाही. त्याची रवानगी थेट विघटनाकडे होते. ही दक्षता एरवी हितावह, पण येथे ती अतिरेकी ठरते. प्रयोगशाळेत पेशी कमी तापमानात वाढविल्या, तेव्हा यातील काही प्रथिने पटलापर्यंत पोहोचली आणि काही अंशी कामही करू लागली, असे १९९२ मध्ये दिसून आले. म्हणजे प्रथिन अगदीच निरुपयोगी नव्हते.

औषधांचा शोध याच धाग्यावरून पुढे गेला. अमेरिकेत २०१९ मध्ये तीन औषधांच्या संयोगाला मान्यता मिळाली. त्यातील एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर प्रथिनाची घडी सावरून त्याला पटलापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करतात. तिसरे, आयव्हाकाफ्टर, तेथे पोहोचलेली वाट अधिक काळ उघडी ठेवते. जनुकातील मूळ दोष मात्र तसाच राहतो, म्हणून हे औषध रोज घ्यावे लागते.